८ ची १२८ केली, तरी माऊस मागूनच

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीसाठी पॅटर्नची, म्हणजे ओतकामाच्या नमुन्यांची, डिझाइनं करणारी एक छोटी कंपनी आहे. तिथले कॉम्प्युटर सांभाळणारे गृहस्थ लिहितात: एकाच सर्व्हरवर २२ व्हर्च्युअल डेस्कटॉप, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले वेगवेगळे कॉम्प्युटर, चालतात. १६ कोअर, १२८ जीबी रॅम, आणि ही मशीन चालवणारं व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय. अकाउंट्स, परचेस, स्टोअर्सची १६ मशीन प्रत्येकी ४ जीबीची आणि डिझाइनची ६ मशीन प्रत्येकी ८ जीबीची. ग्राफिक्स कार्ड नाही. डिझाइनची पोरं रोज म्हणतात, "सर, माऊस मागनं येऊलालाय." म्हणून त्यांनी सगळ्या मशीनची व्हिडिओ मेमरी ८ एमबीवरून १२८ केली. काडीचाही फरक पडला नाही. आता ५१२ करू का, असा प्रश्न आहे.

नको. १२८ सुद्धा परत खाली आणा.

व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमध्ये 'व्हिडिओ मेमरी' असं लिहिलेलं दिसलं की आपल्या डोळ्यासमोर ग्राफिक्स कार्ड येतं, त्याच्यावरची ती वेगवान मेमरी येते. तुमच्या सर्व्हरमध्ये तसलं काहीच नाही. ती मेमरी सर्व्हरच्या साध्या रॅममधूनच कापून दिलेली असते. तिचं मूळ काम एवढंच, की स्क्रीनवर जे दिसायचंय त्याचं चित्र ठेवायला जागा करून द्यायची. पंगतीत ताट मोठं घेतलं म्हणून वाढप्याचा हात भरभर चालत नाही. इथे वाढपी म्हणजे प्रोसेसर, आणि तुमच्याकडे १६ वाढप्यांवर २२ पंगती बसल्यात.

ताट किती मोठं लागतं हे मोजता येतं, अंदाज लावायची गरज नाही. स्क्रीनवरच्या एका ठिपक्याला ४ बाइट लागतात. फुल-एचडी मॉनिटर म्हणजे १९२० गुणिले १०८० गुणिले ४, म्हणजे ८२,९४,४०० बाइट. ८ एमबी म्हणजे ८३,८८,६०८ बाइट. म्हणजे तुमच्या जुन्या ८ एमबीत एक फुल-एचडी स्क्रीन बसत होती आणि वर ९४,२०८ बाइट उरत होते. तोच मॉनिटर १९२० बाय १२०० चा असता तर ९२,१६,००० बाइट झाले असते आणि ८ एमबीत मावले नसते.

मावलं नाही तर काय होतं? इथेच बहुतेकांचा घोळ होतो. जागा कमी पडली तर मशीन हळू होत नाही, ते सरळ नकार देतं. रिझोल्यूशनच्या यादीत तुम्हाला हवा तो आकडा दिसतच नाही, दुसरा मॉनिटर काळा राहतो, किंवा खिडकी मोठी केली तरी आतलं चित्र मध्येच चौकोनात अडकून बसतं. जुन्या टेम्प्लेटमधून बनवलेल्या व्हीएमवेअरच्या मशीनमध्ये ४ एमबी असायची आणि ती ११७६ बाय ८८५ च्या पुढे जायची नाहीत. हा विचित्र आकडा कुठून आला म्हणून मी एकदा वैतागून कॅल्क्युलेटर काढला होता. गुणाकार करून बघा, ४१,६३,०४० येतं आणि ४ एमबी म्हणजे ४१,९४,३०४. तेवढ्यात बसणारी चौकट ती. म्हणजे 'दिसत नाही' ही तक्रार असेल तर व्हिडिओ मेमरी बघा. 'अडकतंय' ही तक्रार असेल तर बहुतेक वेळा दुखणं दुसरीकडेच असतं.

तुम्ही पहिल्यांदा लिहिलंत त्यात एक गोष्ट राहिली होती, ती मी फोनवर विचारून घेतली: लोक आपापल्या डेस्कटॉपपर्यंत पोचतात कसे? तुम्ही म्हणालात, अकाउंट्सपासून स्टोअर्सपर्यंतची १६ मशीन विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने आणि डिझाइनची ६ हॉरायझनने, म्हणजे व्हर्च्युअल डेस्कटॉप लोकांपर्यंत पोचवणाऱ्या वेगळ्या सॉफ्टवेअरने. मग हे दोन वेगळे आजार आहेत, एका गोळीने जाणार नाहीत.

रिमोट डेस्कटॉपचं आधी. आरडीपीने, म्हणजे याच रिमोट डेस्कटॉपने, माणूस आत शिरला की विंडोज स्वतःचा वेगळा डिस्प्ले ड्रायव्हर उभा करतं आणि चित्र त्याच्यावर काढतं. ईएसएक्सआयने दिलेलं व्हर्च्युअल कार्ड त्यावेळी बाजूला बसलेलं असतं. ते फक्त कन्सोल उघडून बघणाऱ्याच्या कामाचं. त्यामुळे त्या १६ मशीनना तुम्ही ८ द्या, १२८ द्या की ५१२ द्या, अकाउंट्समधल्या मॅडमच्या स्क्रीनला त्याचा पत्ताही लागत नाही. टॅलीची एंट्री मारताना अक्षर मागून उमटतंय, तर त्याची कारणं बघायची ती प्रोसेसरच्या ओढाताणीत आणि नेटवर्कमध्ये.

नेटवर्कचं तुम्ही 'गिगाबिट आहे, तो प्रश्नच नाही' म्हणालात. एक हिशेब करा. फुल-एचडी स्क्रीनचं कच्चं चित्र सेकंदाला ३० वेळा पाठवायचं म्हटलं तर जवळजवळ २ गिगाबिट होतात, तेही एका माणसाचे. म्हणून कच्चं चित्र कुणीच पाठवत नाही. जेवढं बदललं तेवढंच दाबून पाठवतात, आणि ते दाबण्याचं काम परत प्रोसेसरवरच येतं. स्टोअर्सचा माणूस पत्र्याच्या शेडमध्ये वायफायवर बसतो असंही तुम्ही सांगितलंत. पत्र्याच्या शेडमध्ये वायफायची पाकिटं गळतात, आणि टीसीपीवरून चाललेलं आरडीपी गळकं पाकीट परत येईपर्यंत थांबून राहतं. आरडीपी ३३८९ हा पोर्ट टीसीपीसाठी वापरतं तसाच यूडीपीसाठीही, म्हणजे हरवलेल्या पाकिटासाठी थांबून न राहणाऱ्या पद्धतीसाठीही, वापरतं. बऱ्याच ऑफिसांत फायरवॉलवर फक्त टीसीपी उघडलेलं असतं, कारण तेवढ्यावर जोडणी होते आणि माणूस पुढच्या कामाला लागतो. यूडीपी उघडून बघा. त्या स्टोअर्सवाल्याला शक्य असेल तर केबलच टाका. शेडमध्ये केबल ओढणं किती कटकटीचं असतं ते मला माहीत आहे, पण एकदाच करायचं असतं.

आता डिझाइनची ६ मशीन. हॉरायझनमध्ये चित्र व्हर्च्युअल कार्डावरूनच उचललं जातं, त्यामुळे इथे व्हिडिओ मेमरीचा आकडा बरोबर असायलाच हवा. पोरांकडे एक २५६० बाय १४४० चा आणि शेजारी एक फुल-एचडी, असे दोन मॉनिटर आहेत. मी अशा वेळी प्रत्येक मॉनिटरचा वेगळा हिशेब करत बसत नाही. दोघांना मिळून जो बाहेरचा चौकोन होतो तोच धरतो. रुंदी २५६० अधिक १९२०, म्हणजे ४४८०. उंची मोठ्याची, १४४०. गुणिले ४. झाले २,५८,०४,८०० बाइट, म्हणजे २४.६ एमबी. ३२ द्या, विषय संपला. कुणी छोटा मॉनिटर उभा करून ठेवत असेल तर चौकोन बदलतो, तेवढं लक्षात ठेवा.

पण आकडा कुठे लिहायचा हा वेगळाच गोंधळ आहे. तुम्ही व्हीस्फिअरमध्ये, म्हणजे ईएसएक्सआय सांभाळायच्या पडद्यावर, मशीनच्या सेटिंगला जाऊन १२८ लिहिलंत. हॉरायझनच्या पूलमध्ये, म्हणजे एकत्र सांभाळायच्या मशीनच्या गटात, किती मॉनिटर, कमाल रिझोल्यूशन किती, असे दोन रकाने असतात, आणि साध्या पूर्ण मशीनच्या पूलमध्ये ते रकाने तुमच्या आकड्याच्या वरचढ ठरतात. पूलमध्ये '३डी रेंडरर' म्हणून जो पर्याय आहे तिथे 'व्हीस्फिअर क्लायंटवरून सांभाळा' असं निवडलं असेल तरच तुम्ही लिहिलेला आकडा चालतो. इन्स्टंट क्लोनचा, म्हणजे एकाच मूळ इमेजवरून झटपट काढलेल्या प्रतींचा, पूल असेल तर आणखी तिसरंच: मूळ इमेजवर बदल करायचा, तिचा नवा स्नॅपशॉट घ्यायचा आणि तो पूलला द्यायचा. एकेका मशीनवर जाऊन बदललेलं टिकत नाही, क्लोन नव्याने बनला की गेलं.

आणि मशीन पूर्ण बंद करून चालू करायचं. रिस्टार्ट नव्हे, पॉवर ऑफ. हे मी ओरडून सांगतो, कारण मी स्वतः यात तोंडावर आपटलोय. टिळकवाडीत एका ठिकाणच्या लॅबमध्ये रात्री साडेनऊपर्यंत बसून ३० मशीनचे आकडे बदलले, सगळी विंडोजमधून रिस्टार्ट केली, 'झालं सगळं' म्हणून चावी देऊन घरी आलो. सकाळी फोन, दुसरा मॉनिटर कुठेच लागत नाही. रिस्टार्टने आतलं विंडोज फक्त झोपेतून उठल्यासारखं होतं. बाहेरचं व्हर्च्युअल कार्ड तेच, जुन्याच मेमरीचं राहतं. मग काय, सकाळी परत ३० वेळा बंद-चालू.

ड्रायव्हर बघितलात का? डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्प्ले अडॅप्टरखाली काय लिहिलंय ते वाचा. 'व्हीएमवेअर एसव्हीजीए ३डी' असेल तर ठीक. 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असेल तर व्हीएमवेअर टूल्स, म्हणजे आतल्या विंडोजसाठीचे ड्रायव्हर, धड बसलेली नाहीत, आणि मग मेमरीवर कितीही हिशेब केला तरी उपयोग नाही. हॉरायझनचा एजंट, म्हणजे मशीनच्या आत बसणारा त्याचा भाग, टाकायचा तो टूल्स टाकून झाल्यावर. कुणीतरी मध्येच टूल्सची नवी आवृत्ती टाकली असेल तर एजंटही परत टाका.

ड्रायव्हरवरून शहापूरची एक गोष्ट आठवली. तिथे एक डीटीपीवाले आहेत. लग्नपत्रिका एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, आपल्याकडे चालतात तशा. मराठीसाठी श्रीलिपी, कन्नडसाठी नुडी, आणि वर्षानुवर्षांच्या फायली जुन्या विंडोजवरच उघडणाऱ्या. नवीन कॉम्प्युटर घेतला तेव्हा ते जुनं विंडोज व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे साध्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, घालून घेतलं होतं. स्क्रीन चिमुकली, पत्रिकेचं अर्धं पान दिसायचं, खाली सरकवलं की चित्र पट्ट्यापट्ट्यांनी खाली यायचं. त्यांच्या पुतण्याने व्हिडिओ मेमरीची पट्टी उजवीकडे टोकाला, १२८ वर नेऊन ठेवली होती. मग कुणाचं तरी ऐकून कमांड मारून २५६ केली, कारण पट्टी १२८ ला थांबते पण कमांडने २५६ पर्यंत जाता येतं. काही फरक नाही. मी बघितलं तर गेस्ट अ‍ॅडिशन्स, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सचे ड्रायव्हर, टाकलेलीच नव्हती. ती टाकली, ग्राफिक्स कंट्रोलर विंडोजसाठीचा 'व्हीबॉक्सएसव्हीजीए' केला, मेमरी खाली आणून ३२ वर ठेवली. पत्रिका पूर्ण पान दिसायला लागली. मालक मला म्हणाले, "कमी करून जास्ती झालं की वो!" त्यांना ते अजून पटलेलं नाही.

आता ५१२ का नको ते बघा. १६ मशीन गुणिले ४ जीबी ६४, आणि ६ गुणिले ८ म्हणजे ४८. एकूण ११२ जीबी तुम्ही आधीच वाटलीत. उरले १६. त्यातून २२ मशीनना ५१२ एमबी म्हणजे ११ जीबी गेले. राहिले ५, आणि त्यात ईएसएक्सआयला स्वतः जगायचंय, शिवाय प्रत्येक मशीनमागे त्याची थोडी वरखर्चाची मेमरी लागते. ती सगळी ११ जीबी एकाच वेळी वापरली जाईल असं नाही, पण ताण आला की ईएसएक्सआय मशीनांच्या आतली रॅम मागे ओढायला लागतं आणि शेवटी डिस्कवर ढकलतं. मग माऊस मागून येणार नाही, माऊस येणारच नाही. माझ्या हिशेबाने १६ मशीनना जुनेच ८ एमबी आणि ६ मशीनना ३२ एमबी, म्हणजे सगळे मिळून ३२० एमबी पुरतात.

खरं दुखणं मला दुसऱ्या आकड्यात दिसतं. तुम्ही सगळ्या मशीनना ४ व्हर्च्युअल प्रोसेसर दिलेत. २२ चोक ८८, आणि खाली खरे कोअर १६. एकास साडेपाच. टॅली आणि एक्सेल चालवणाऱ्याला ४ कशाला? मशीनला ४ दिले की हायपरव्हायजरला, म्हणजे ईएसएक्सआयला, त्यांची सोय बघत बसावी लागते आणि सगळेच रांगेत उभे राहतात. ईएसएक्सटॉप ही ईएसएक्सआयवरची कमांड चालवा आणि प्रोसेसरच्या पानावर 'रेडी'चा रकाना बघा. काम तयार आहे पण कोअर मिळत नाही म्हणून मशीन किती वेळ ताटकळलं, ते तो सांगतो. बघताना तो आकडा त्या मशीनच्या व्हर्च्युअल प्रोसेसरच्या संख्येने भागा. प्रत्येकी १० टक्क्यांच्या वर गेला की माणसाला जाणवायला लागतं. अकाउंट्स, परचेस, स्टोअर्सच्या १६ मशीनना २-२ करा. ३२ अधिक २४, झाले ५६. एकास साडेतीन. एवढ्या एका बदलाने तुमच्या निम्म्या तक्रारी जातील असं मला वाटतं, आणि खर्च शून्य.

प्रोसेसरवर चित्राचा भार इतका का येतो, तेही सांगतो, कारण त्यातून आणखी थोडं वाचवता येतं. विंडोज ८ पासून प्रत्येक खिडकी आधी वेगळी रंगवून मग एकत्र करून स्क्रीनवर आणली जाते, आणि ती पद्धत बंद करता येत नाही. ग्राफिक्स कार्ड असेल तर ते काम कार्ड करतं. नसेल तर प्रोसेसर. म्हणून पारदर्शकपणा, खिडक्यांचे खेळ, सावल्या बंद करा. ब्राउझरमध्ये कुणी व्हिडिओ लावला की तो उलगडण्याचं, रंगवण्याचं आणि परत दाबून पाठवण्याचं अशी तिन्ही कामं त्याच १६ कोअरवर पडतात. जाहिरातीतला आपोआप चालणारा व्हिडिओसुद्धा. परचेसच्या दोन मशीनवर दुपारी काय चालतं ते एकदा बघून ठेवा, बाकी मी काही बोलत नाही.

मग ३डी चालू करू का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. हॉरायझनच्या पूलमध्ये ३डी चालू केलं की मेमरीचा वेगळा रकाना उघडतो, मूळ आकडा ९६, खाली ६४ पर्यंत आणि वर ५१२ पर्यंत. कार्ड नसताना चालू केलं तर ३डीचं गणितही प्रोसेसरच सोडवणार. ऑटोकॅडमध्ये साध्या रेषांचं काम असेल तर नकोच. सॉलिडवर्क्समध्ये पॅटर्न फिरवून बघायचा असेल तर सॉफ्टवेअरवर चालणारं ३डी म्हणजे बैलगाडीला हेडलाइट. तिथे मला एकच इलाज ठाऊक आहे, सर्व्हरमध्ये खरं कार्ड.

कार्ड घेतलंत तर मात्र व्हिडिओ मेमरी हा शब्द खरा होतो. एनव्हिडियाच्या टी४ कार्डावर १६ जीबी असते. व्हीजीपीयूने, म्हणजे एक कार्ड अनेक मशीनना वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरने, तिचे २-२ जीबीचे तुकडे केले तर ८ मशीनना पुरतात, म्हणजे तुमची ६ सहज बसतात. तो तुकडा त्या मशीनचाच, दुसऱ्याला उसना मिळत नाही, आणि मोठी असेंब्ली उघडल्यावर तो भरला तर सॉफ्टवेअर अडखळतं. इथे जागा वाढवली की वेग वाढलेला दिसतो, आणि बहुधा इथल्याच अनुभवावरून लोक सगळीकडे आकडा वाढवत सुटतात. पण दोन खर्च कुणी आधी सांगत नाही. एक, व्हीजीपीयूचा परवाना कार्डाच्या किमतीपेक्षा वेगळा पडतो, आणि कॅडसाठीचा परवाना ऑफिसच्या कामासाठीच्या परवान्याहून महाग असतो. दोन, व्हीजीपीयू लावलेल्या मशीनची सगळी रॅम ईएसएक्सआयमध्ये राखून ठेवावी लागते. तुमच्या ६ मशीनचे ४८ जीबी कुलपात गेले असं समजा. बाकीच्या १६ मशीनना मग उरलेल्यात भागवावं लागेल. दोन सीटसाठीच ३डी लागत असेल तर सरळ दोन चांगले वर्कस्टेशन त्यांच्या टेबलाखाली ठेवा. व्हर्च्युअलच हवं हा हट्ट मी स्वतः बऱ्याच ठिकाणी सोडून दिलाय.

व्हीएमवेअरचा परवाना परवडत नाही म्हणून प्रॉक्समॉक्सवर, म्हणजे ईएसएक्सआयच्या जागी चालणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर, जायचा तुमचा विचार कानावर आला. २०२३ च्या शेवटी ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतल्यापासून आपल्या भागात बरेच जण तोच विचार करतायत. तिथे डिस्प्लेच्या मेमरीचा मूळ आकडा १६ एमबी असतो. त्यात २५६० बाय १६०० पर्यंतची एक स्क्रीन बसते. ४के मॉनिटर लावला तर चौकोनाचा हिशेब ३१.६ एमबी होतो, म्हणून ३२ करायचे. स्पाइसने, म्हणजे तिथल्या रिमोट डेस्कटॉपसारख्या पद्धतीने, जोडत असाल तर आतल्या विंडोजमध्ये त्याचे ड्रायव्हर टाकल्याशिवाय तीच शहापूरची गोष्ट परत घडेल. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीकडे जाणार असाल तर जुन्या लेखांतलं, ग्राफिक्स कार्ड मशीनना वाटून देणारं रिमोटएफएक्स व्हीजीपीयू शोधत बसू नका. मायक्रोसॉफ्टने ते जुलै २०२० मध्ये बंद केलं आणि एप्रिल २०२१ मध्ये काढूनच टाकलं.

तर या रविवारी, फाउंड्री बंद असताना, एकाच बैठकीत सगळं बदलू नका. आधी फक्त प्रोसेसर ४ चे २ करा, १६ मशीनवर, पॉवर ऑफ करूनच. दोन दिवस जाऊ द्या. मग डिझाइनच्या ६ मशीनचे ३२ एमबी आणि पूलमधले रकाने. मग यूडीपी. प्रत्येक वेळी एकच मशीन धरून तीच चाचणी घ्या: ४० पानांची एक पीडीएफ वरपासून खालपर्यंत सरकवा आणि त्याच वेळी सर्व्हरवर 'रेडी'चा रकाना बघून आकडा वहीत लिहा. आणि सोमवारी अकाउंट्सच्या मॅडमना विचाराल तेव्हा काय बदललंय ते आधी सांगू नका. नुसतं विचारा, आज माऊस कसा आहे.